सहावी प्रत

कारखान्यात तिला सगळे कॉम्प्युटरबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. बाहेर कुणाला त्याची गरज पडत नव्हती. कारखाना रबरी नळ्यांचा. डंपरचा हौदा वर उचलायला तेलाचा दाब लागतो, ते तेल ज्या जाड काळ्या नळ्यांतून जातं त्या नळ्या तिथे बनत. रबराचा वास सगळ्यांच्या कपड्यांना असायचा. तिच्या कपड्यांना तो कमी, कारण ती बसायची काचेच्या खोलीत, कपाटाएवढ्या एका काळ्या मशीनशेजारी.

ते मशीन टेबलावरच्या कॉम्प्युटरपेक्षा मोठं आणि मोठमोठ्या संस्थांतल्या अजस्र यंत्रांपेक्षा लहान, म्हणून त्या जातीला मिडरेंज म्हणत. पडदा काळा, अक्षरं हिरवी. नव्याने लागलेली मंडळी त्याला हसत. पण गेल्या वीस वर्षांत ते मशीन एकदाही आजारी पडलं नव्हतं, आणि हसणारे महिन्याला एक तरी आजारपणाची रजा टाकत.

मशीनवरचे जवळजवळ सगळे प्रोग्राम तिच्या सासऱ्यांनी लिहिलेले. ते आधी तिचे सर होते, सासरे मागाहून झाले. तिला नोकरीवर घेतलं त्यांनी, तीन वर्षं तिचं काम पाहिलं, आणि एक दिवस घरी जाऊन सांगितलं की ही मुलगी दोन ओळी लिहिण्याआधी दहा ओळी पुढचं बघते, हिला आपल्याकडे आणू या. सासूबाई अजून म्हणतात की आमच्या घरी सून मुलाखत घेऊन निवडली, आणि मुलाला फक्त रुजू व्हायचं पत्र मिळालं. लग्नानंतर ती त्यांना कारखान्यात सर म्हणायची आणि घरी बाबा. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि नुसते बाबा उरले.

त्यांच्या सगळ्या प्रोग्राममध्ये त्यांचा जीव होता तो ‘माग’ नावाच्या प्रोग्रामवर.

एका वेळी मळलेल्या रबराला तिथे घाणा म्हणत, आणि प्रत्येक घाण्याला नंबर. नळ्या कापून झाल्या की उरलेलं रबर फेकून देत नसत, ते पुढच्या घाण्यात मिसळत. त्यातून उरलेलं त्याच्या पुढच्या घाण्यात. आता एखाद्या रसायनाचं पोतं खराब निघालं, तर ते कुठल्या घाण्यात गेलं, त्या घाण्याचं उरलेलं कुठल्या घाण्यात गेलं, त्याचं पुन्हा कुठल्या, असं उतरत उतरत नळ्यांच्या नंबरापर्यंत पोचायला हवं. नाहीतर खराब नळ्या लोकांच्या गाड्यांवर राहतात. हे शोधायचं काम ‘माग’चं. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच, तेव्हा सरळ उपाय म्हणजे प्रोग्रामने खालच्या पायरीसाठी स्वतःलाच पुन्हा हाक मारावी.

आणि तिथे ते मशीन आडमुठं. जो प्रोग्राम सुरू आहे, अजून परतलेला नाही, त्याला पुन्हा बोलावलं की ते काम बंद करून पडद्यावर निरोप टाकायचं: हा आधीच चालू आहे. न्हाणीघरात आतून कडी लावून बसलेल्या माणसाला बाहेरून सांगावं की जा, आधी आंघोळ करून ये, असला तो प्रकार. बाबांनी त्यावर काढलेला तोडगा त्या पिढीलाच सुचावा. त्यांनी एकाच प्रोग्रामच्या पाच प्रती केल्या. नावं माग-एक ते माग-पाच. पहिला दुसऱ्याला बोलवायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि मशीनला वाटायचं की ही पाच वेगळी माणसं आहेत.

पाचच का, तर तेव्हाच्या रसायनतज्ज्ञाचा नियम होता की उरलेलं रबर चार वेळांपेक्षा जास्त फिरवायचं नाही. म्हणजे घाणे जास्तीत जास्त पाच. पण बाबा कुणाच्या नियमावर डोळे मिटून विसंबणारे नव्हते. माग-पाचच्या पोटात त्यांनी माग-सहाला हाक मारून ठेवली, आणि माग-सहा मुद्दाम लिहिलाच नाही. नियम मोडून कुणी रबर पाचव्यांदा फिरवलं, तर मशीन माग-सहा शोधणार, तो सापडणार नाही, आणि सगळं काम तिथेच अडून पडद्यावर निरोप येणार.

“ओरडू दे त्याला,” ते तिला शिकवताना म्हणाले होते. “चुकलेला प्रोग्राम दुरुस्त करता येतो. गप्प बसलेल्याचं कुणाला कळतच नाही.”

बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी तो रसायनतज्ज्ञही दुसरीकडे गेला. चारचा नियम कागदावर कुठे नव्हताच. तो त्याच्या डोक्यात होता, आणि डोकं तो बरोबर घेऊन गेला. रबर महागलं. मोठ्या साहेबांनी सांगितलं की तुकडासुद्धा वाया जाता कामा नये, आणि खाली मळणाऱ्यांनी तो शब्द अक्षरशः पाळला. दोन वर्षांपूर्वी मशीन ओरडायला लागलं. एका आठवड्यात तीनदा. माल पाठवताना प्रत्येक खेपेबरोबर ‘माग’ने छापलेला कागद लागायचा, आणि कागद निघेना.

“बाई, तुमचं मशीन रुसलंय आणि आमची गाडी फाटकात उभी आहे,” क्वालिटीचे काका तिसऱ्या वेळी काचेच्या खोलीत येऊन म्हणाले. “काहीतरी करा आणि त्याचं तोंड बंद करा.”

तो शनिवार होता. दुपारी तीनला तिच्या लेकीच्या, छोटीच्या शाळेत कार्यक्रम होता आणि छोटी त्यात झाड होणार होती. झाडाला बोलायचं काही नव्हतं, पण आई समोर दिसली पाहिजे अशी झाडाची अट होती. तिने घड्याळ पाहिलं, अडीच. खरी दुरुस्ती तिला माहीत होती. प्रतीबिती काही नको, एक रांग करायची. शोधायच्या घाण्यांचे नंबर त्या रांगेत लिहायचे, वरचा एक उचलायचा, त्यातून जे निघतील ते शेवटी जोडायचे, रांग संपली की काम संपलं. कुणी कुणाला बोलवायचं नाही, कितीही पायऱ्या असू देत. दीड दिवसाचं काम. ते सोमवारी करायचं ठरवून तिने माग-पाचमध्ये दोन ओळी घातल्या. माग-सहा सापडला नाही तर तो निरोप गिळायचा आणि पुढे जायचं.

बाबांची शिस्त अशी की प्रोग्राममध्ये काही बदललं की त्याच्या माथ्यावर एक ओळ लिहायची. कुणी, कधी, कशासाठी. ती तिने लिहिली नाही. दोन दिवसांच्या पाहुण्याचं नाव कोण दारावर लावतं?

सोमवारी गोदामाची मोजणी निघाली. मंगळवारी साहेबांना कुठला तरी तक्ता हवा झाला. बुधवारी कुणी काही विचारलंच नाही, कारण मशीन आता ओरडत नव्हतं.

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी रसायनाचं एक पोतं खरंच खराब निघालं. ते मिसळलेलं रबर दोन-चार महिन्यांत आतून चिरतं, असं क्वालिटीच्या काकांनी तपासून सांगितलं. तिने माग लावला. तीनशे बारा नळ्यांची यादी आली, आणि खाली प्रोग्रामने स्वतःहून छापलं: यादी पूर्ण. चार दिवसांत तीनशे बाराच्या तीनशे बारा नळ्या परत आणल्या. साहेबांनी सगळ्यांना बोलावून तिचं कौतुक केलं. त्या दिवशी घरी येऊन तिने बाबांना सांगितलं की तुमच्या ‘माग’ने आज कारखान्याची लाज राखली. त्या संध्याकाळी बाबांनी चहा दोनदा मागितला.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी फोन आला. फोन करणारा एका गॅरेजचा मालक होता. डंपरचा हौदा वर उचललेला, खाली त्याचा मेकॅनिक काम करत होता, आणि नळी फाटली. हौदा खाली आला. माणूस एकोणतीस वर्षांचा होता. गॅरेजवाल्याने नळीवरचा नंबर दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा एकेक आकडा सुटा करून.

तिने यादी पाहिली. नंबर यादीत नव्हता. आणि ही गोष्ट सांगणं भाग आहे, की तिला पहिल्यांदा हायसं वाटलं. आपली नाही, आपल्या पोत्यातली नाही. तो सुटकेचा श्वास पुरता बाहेर पडायच्या आत तिला त्या दोन ओळी आठवल्या.

तिने कागद-पेन्सिल घेऊन हाताने माग काढला. एक, दोन, तीन. चौथा घाणा, पाचवा, सहावा. नळी सातव्या घाण्यातली होती. पेन्सिल खाली ठेवून ती बाहेर गेली, नळाखाली तोंड धुतलं, आणि परत येऊन रांगेचा प्रोग्राम लिहायला बसली. दीड दिवस लागेल असं ती दोन वर्षांपूर्वी म्हणाली होती. दीडच दिवस लागला.

नव्या यादीत अठ्ठावन्न नळ्या जास्तीच्या निघाल्या. तिने आणि क्वालिटीच्या काकांनी मिळून फोन केले. “गाडी उभी करा, हौदा उचलू नका, आमचा माणूस येतोय,” हे वाक्य ती इतक्यांदा म्हणाली की तिचा आवाज बसला. सत्तावन्न नळ्या हाती आल्या. अठ्ठावन्नावी तर आधीच सापडलेली होती.

साहेबांनी विचारलं, हे झालं कसं?

“प्रोग्राम पाच पायऱ्यांपर्यंतच जात होता,” ती म्हणाली. “त्याच्या खालचं त्याला दिसत नव्हतं.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं मिळून ते खोटं होतं. आता इतका वेळ साहेबांसमोर उभं राहून पुढचं एक वाक्य बोलायला कितीसं बळ लागतं? पण तेवढंच तिच्याकडे नव्हतं.

“म्हणजे सरांच्या वेळचंच आहे ते,” साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला तिला दिसला. निवृत्त माणसाच्या चुकीइतकी सोयीची चूक नसते. “त्यात त्या मेकॅनिकने टेकूही लावला नव्हता म्हणतात. टेकू न लावता खाली शिरायचं म्हणजे काय.”

सुरक्षा खात्याचे निरीक्षक चौकशीला येणार होते आणि त्यांना प्रोग्राम लिहिणारा माणूस समोर हवा होता. तसा निरोप तिनेच घरी नेला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून छोटीच्या वहीला पुठ्ठा चढवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मेलेल्या माणसाचं वय विचारलं. मग बराच वेळ पुठ्ठ्याची घडी बोटाने दाबत राहिले.

“पण मग मशीन ओरडलं कसं नाही?” ते म्हणाले. “माग-सहाची हाक मी ठेवली होती. काम अडायला हवं होतं.”

“मला नाही माहीत, बाबा.”

“पाचवी प्रत छापून आण उद्या. बघतो. माझंच काही राहिलं असेल.”

तिला नाही म्हणता आलं असतं. कागद बाहेर न्यायची परवानगी नाही, असं सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं, कारण कारखान्याच्या नियमांवर त्यांची आईबापांवर असावी तेवढी श्रद्धा. पण तिने आणली छापून. आपल्याला पकडावं असं तिला वाटत होतं की काय, हे तिचं तिलाच नीट कळलं नाही. त्या मशीनवर प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कधी बदलली ती तारीख असते, आणि ती छापतानाही येते. माथ्यावर नाव लिहा नाहीतर लिहू नका. हे तिला ठाऊक होतं आणि बाबांनाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार पानं मांडीवर घेऊन बाबा वाचत होते, पेन्सिलचं टोक एकेका ओळीवरून सरकवत. ती ओट्याशी उभी होती. तिथून त्यांची पाठ दिसत होती. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. तारीख त्यांच्या निवृत्तीच्या दोन वर्षांनंतरची होती, आणि त्या खोलीत बसणारं माणूस तेव्हापासून एकच.

“ह्या दोन ओळी,” ते म्हणाले.

“हो.”

“शनिवार होता का?”

“छोटी झाड झाली होती तो.”

त्यांनी मान हलवली. ते ओरडले असते, पानं भिरकावली असती, तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी पानं जुळवून घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. “सोमवारी करायचं ठरवलं असशील,” एवढंच म्हणाले, आणि उठून आत गेले. त्यानंतरचे तीन दिवस ते अर्ध्या जेवणावरून उठले. सासूबाई म्हणाल्या की ह्यांचं पोट बिघडलंय.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. फाटकातल्या पहारेकऱ्याने त्यांना सलाम केला तेव्हा त्यांनी जुन्या सवयीने त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. निरीक्षक वयस्कर, सौम्य, आणि मशीनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते कळत नाही हे कबूल करण्याइतके ते भले होते. त्यांनी सगळं साध्या भाषेत विचारलं. पाच प्रती का, हे बाबांनी सांगितलं. चार वेळांचा नियम पुढे कुणी मोडला हे कुणी विचारलं नाही, आणि साहेबही त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी बघत होते.

“मग पाचाच्या पुढे गेल्यावर मशीनने काही इशारा द्यायला नको होता का?” निरीक्षकांनी विचारलं.

ती भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. आता ते सांगणार, असं तिला वाटलं. सांगू देत. एकदाचं होऊन जाऊ दे.

“द्यायला हवा होता,” बाबा म्हणाले. “मी तशी सोय ठेवली नव्हती. पाचाच्या पुढे काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये ही एकच चूक शोधली, ती सापडल्यावर लोकांना भर खोलीत झापलं, तो माणूस ती आपल्या नावावर घेत होता, शांतपणे, हातावर हात ठेवून. निरीक्षकांबरोबरचा कारकून लिहून घेत होता. साहेब उठून बाबांच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, “सर, तुमच्या काळात तेवढंच शक्य होतं.” बाबांनी तो हात तसाच राहू दिला.

निरीक्षक तिच्याकडे वळले. “काम तुमच्याकडे आल्यापासून तुम्ही यात काही बदल केला होता?”

खोलीतला पंखा फिरत होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि न बघण्यातच त्यांनी तिला काय ते सांगितलं होतं. घर तिच्या पगारावर चालत होतं, नवऱ्याची नोकरी सुटून वर्ष झालं होतं, हे सगळं त्या न बघण्यात होतं. पण तिने ‘नाही’ म्हटलं ते त्यासाठी नाही. ती भ्यायली म्हणून म्हटलं.

“नाही,” ती म्हणाली.

परत येताना दोघं चालतच आली. रस्त्याच्या कडेला एका दुकानासमोर सामान उतरवत होते, म्हणून दोघांना एकामागून एक जावं लागलं. बाबा पुढे होते.

“बाबा, मी उद्या जाऊन सांगते त्यांना.”

“काय सांगशील? मी खोटं बोललो म्हणून?” ते वळले नाहीत. “तुला अजून वीस वर्षं तिथे बसायचंय. मला कुठे बसायचंय आता.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “आणि मशीनचं काही मला विचारत जाऊ नकोस यापुढे.”

ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

अहवालाची एक प्रत बाबांच्या नावाने घरी आली. पाकीट सासूबाईंनी फोडलं, कारण घरातली सगळी पाकिटं त्याच फोडतात. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना त्यांना राहवलं नाही.

“जन्मभर त्या मशीनच्या उशाशी बसलात,” त्या बाबांना म्हणाल्या. “मुलगा तापाने फणफणलेला असताना बसलात. मी म्हटलं, जाऊ दे, काम चोख करतात. आणि तेही चोख नव्हतं. कुणाचा तरी एकोणतीस वर्षांचा मुलगा गेला हो.”

“आई, पुरे,” तिचा नवरा म्हणाला. पण तोही वडिलांकडे बघत नव्हता. त्याने आपलं ताट जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

बाबा खाली मान घालून जेवत होते. घास लहान, नेहमीसारखे. ती त्यांच्याच समोर बसली होती आणि भाजीचं भांडं तिच्या हातात होतं.

छोटी सगळ्यांची तोंडं आळीपाळीने बघत होती. झाड झाली होती तेव्हा सहाची होती, आता आठ पूर्ण झाली होती, आणि या वयाची पोरं विचारायचं ते विचारतातच.

“आजोबा, तुमच्यामुळे माणूस मेला?”

“हो,” बाबा म्हणाले.

छोटीला ते पटलं नाही. याच आजोबांनी तिच्या सगळ्या वह्यांना पुठ्ठे चढवून दिले होते, कोपरे मोजून. ती आईकडे वळली. “आई, खरंच?”

बाबांचा घास हातातच राहिला होता. तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली.

“हो,” ती लेकीला म्हणाली. “जेव आता.”